तिसरा टेक

तिता रेमीने तीस वर्षं सिनेमात हिरॉइनींच्या थोबाडीत मारल्या, पण माझ्याशी ती कधी आवाज चढवूनसुद्धा बोलली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहायचंय त्यात चूक माझी आहे, आणि वाचणाऱ्याने उगाच खलनायिका भलतीकडे शोधत बसू नये. हे प्रकरण मी दोनदा लिहून फाडलं. पहिल्यांदा मी स्वतःला फार लहान दाखवलं होतं, दुसऱ्यांदा फार दुष्ट. अकरा-बारा वर्षांचं माणूस दोन्ही असतं, पण ते कागदावर एका वेळी बसत नाही.

पुणं सोडून आम्ही नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला आलो. बाबांची नोकरी रॉटरडॅमला, बंदरावरच्या कंटेनरांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर लिहायची, आणि वर्षाच्या आत आईलाही काम मिळालं ते आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला. म्हणजे सकाळी एक जण दक्षिणेची गाडी धरायचा, एक जण उत्तरेची, आणि मधल्या फ्लॅटमध्ये मी. तिसरा मजला, जाड भिंती, दुहेरी काचा. पुण्यात आमच्या घरात कधी शांतता म्हणून नव्हती. वरच्यांचा मिक्सर, खालच्यांचा टीव्ही, समोरच्या काकूंचं फोनवरचं बोलणं सगळं आमचंच असायचं. इथे आमच्याच कुकरची शिट्टी झाली तरी आई दचकून शेगडीकडे धावायची, शेजारी काय म्हणतील म्हणून. शेजारी काहीच म्हणत नव्हते. ते कोण आहेत हेही आम्हाला बरेच दिवस ठाऊक नव्हतं.

शाळेत मला नव्या मुलांच्या भाषावर्गात बसवलं होतं. तिथे सगळेच कुठून कुठून आलेले, आणि प्रत्येकाला सांगण्यासारखं पुष्कळ होतं, फक्त सांगायची भाषा अजून कुणालाच येत नव्हती. कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही. मी एकदा धीर करून एका मुलीला घरी खेळायला बोलावलं, तर तिने दप्तरातून डायरी काढली आणि तीन आठवड्यांनंतरचा गुरुवार दिला. मी ते तीन आठवडे बोटांवर मोजले. त्या गुरुवारी तिला सर्दी झाली. आई म्हणाली, "इथे असंच असतं गं, अपॉइंटमेंट घेऊनच खेळायचं." म्हणताना ती हसली, आणि मग घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली.

बुधवारी इथल्या शाळा दुपारीच सुटतात. आई-बाबा येईपर्यंत सहा तास. शाळेनंतरच्या पाळणाघराची यादी लांबलचक होती, म्हणून मला गळ्यात घालायला किल्ली दिली होती. एका हिवाळी बुधवारी ती मी घरीच विसरले आणि जिन्यात बसले. तळमजल्यावरचं दार उघडलं, आणि झगझगीत लाल लिपस्टिक लावलेल्या, पायात लोकरी मोजे घातलेल्या एका बुटक्या बाईने मला हाताला धरून आत नेलं. आत भाताचा वास होता. मला रडू आलं ते थंडीने नव्हे, त्या वासाने. ती म्हणाली, "रडून झालं की सांग, मग वाढते." हे इंग्रजीत, मधे डच, मधे तिची तागालोग. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहितेय, कारण माझ्या आठवणीत ते आता मराठीतच उरलंय.

तीच तिता रेमी; तिता म्हणजे त्यांच्याकडे, फिलिपिन्समध्ये, मावशी, आत्या, काकू सगळं एकच. मला ती "अनाक" म्हणायची, म्हणजे बाळ. आईने आधी हजार चौकश्या केल्या, मग एका रविवारी मटकीच्या उसळीचा डबा घेऊन खाली गेली आणि बुधवारची व्यवस्था ठरवून आली. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही आईची रीत. तिताचीही तीच निघाली. मग तो डबा कुणाकडे थांबेचना. तिच्याकडून शेवया यायच्या, लिंबू पिळलेल्या. आई मला बाजूला घेऊन सांगायची, "त्यात डुकराचं काही नसतं ना, एवढं विचारून घे. पण त्यांना इन्सल्ट वाटेल असं नको विचारू हां." मी विचारायचे, आणि तिता छातीवर हात ठेवून शपथ घ्यायची. मला मात्र आवडायचं ते तिचं चिंचेचं आंबट पाणीदार कालवण, मुळा आणि लांब शेंगा घातलेलं. आमच्या साराचा तो लांबचा भाऊ होता. ते भातावर ओतून, खिडकीपाशी बसून, समोरून जाणाऱ्या सायकली बघत आम्ही दोघी जेवायचो. चार वाजले की ती माइक हातात घेऊन टीव्हीवर शब्द लावून गायची. आवाज बेताचा होता, पण हावभाव असे की सूर कुणी ऐकतच नसे.

ती नटी होती हे मला चर्चमध्ये कळलं. एका रविवारी ती मला हेगच्या चर्चला घेऊन गेली, तर प्रार्थना संपल्यावर चाळिशीच्या पाच-सहा नर्स बायका तिच्याभोवती जमल्या आणि आळीपाळीने गाल पुढे करायला लागल्या. "मॅडम, एक द्या ना, फक्त एक." तिता भुवई उंचावून, ओठ वाकडा करून हात उगारायची, त्या बायका किंचाळल्यासारखं तोंड करायच्या, आणि मी फोटो काढायचे. डच पाद्री दुरून बघत होता, त्या बिचाऱ्याला काही उलगडा होईना. घरी येताना ट्रॅममध्ये तिने मला सगळं सांगितलं. इलोइलोजवळच्या समुद्रकाठच्या गावातून ती सतरा वर्षांची असताना मनिलाला नातेवाइकांकडे घरकामाला आली. बाजारात कुणीतरी हेरून गर्दीच्या दृश्यात उभं केलं. गालफडं वर आलेली, नजर तिखट, म्हणून नायिका व्हायचा प्रश्नच नव्हता. सावत्र आई, कजाग सासू, नवरा पळवणारी बाई, पुढे मोलकरणींना छळणारी मालकीण. एका हिट सिनेमानंतर कोळणीने तिला मासे विकायला नकार दिला होता, आणि ही गोष्ट ती एखादं पदक दाखवावं तशी सांगायची.

तिच्या हातची थोबाडीत मिळावी म्हणून नायिका वाट बघायच्या, असं ती म्हणे. तळहात थोडा खोलगट ठेवला की आवाज मोठा होतो आणि लागत कमी. रडण्याचंही तसंच. दुःखाची आठवण काढून रडणं हे नवशिक्यांचं काम, रोज वापरलं तर दुःख झिजतं, असं तिचं मत. ती ओठ मिटून जांभई गिळायची, पापणी लवू द्यायची नाही, आणि तीन मोजेपर्यंत डोळा भरायचा. कॅमेरा ज्या बाजूला असेल त्या बाजूचाच. मी हे आरशासमोर महिनाभर केलं, मला फक्त खऱ्या जांभया आल्या. पुढे स्टुडिओ बंद पडत गेले, कामं आटली, ती तेव्हा इथे असलेल्या बहिणीकडे म्हणून इकडे आली आणि रॉटरडॅमच्या गोदीत जहाजांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या हेंकशी पन्नाशीत लग्न करून राहिली. हेंकने तिचा एकही सिनेमा पाहिला नव्हता. त्याला बायको प्रेमळ वाटायची, ते त्याला बिघडवायचं नव्हतं. मी भेटले तेव्हा तो जाऊन चार वर्षं झाली होती.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि फोनवरचं बारीक अक्षर तिला कष्टाने दिसायचं. म्हणून मी तिची सेक्रेटरी झाले. बुधवारी गेल्या गेल्या फोन माझ्या हातात. गावाकडच्या भाचीचे निरोप, नगरपालिकेची पत्रं, हाउसआर्ट्सकडची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडची वेळ, सगळं मी वाचायचे आणि ती सांगेल ते उत्तर टाइप करायचे. त्या देशात माझं कुणावाचून काही अडत नव्हतं असं नाही, पण माझ्यावाचून कुणाचं अडतं हे सुख मला फक्त तिथे होतं.

तो निरोप मीच वाचला. मनिलाची एक तरुण दिग्दर्शिका छोटा सिनेमा करत होती. परदेशातून येणाऱ्या मुलीची बस थांब्यावर वाट बघणारी म्हातारी, असं काम. लहानपणी घाबरून आईच्या मागे लपून मी तुम्हाला पाहिलंय, असं तिने लिहिलं होतं. आणखी एका अभिनेत्रीचाही विचार चालू आहे, तेव्हा सोबतचा प्रसंग स्वतः चित्रित करून एकच व्हिडिओ पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत पाठवावा. तिताने मला ते तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "ह्यात कुणाला मारायचं नाहीये?" मी म्हटलं, नाही, फक्त वाट बघायची आहे. ती उठून आरशाकडे गेली आणि बराच वेळ स्वतःकडे बघत राहिली. मग शेंगा मोडता मोडता, सहज, म्हणाली की काम मिळालं तर ती हे घर सोडून देईल. शूटिंग तिच्याच गावाकडे आहे, भाचीकडे एक खोली रिकामी आहे, हेंकच्या माघारी इथे आहे काय. मी शेंगांचे दोरे काढत होते. मी होते तिथे. तिला ते दिसलं नाही याचा मला इतका राग आला की मी आजही तो आठवू शकते.

आईला सांगितलं तर ती हरखली. "किती छान गं, ह्या वयात. तू नीट हेल्प कर त्यांना." मी मान हलवली. आता वाटतं, आईने त्या क्षणी माझ्याकडे नीट पाहिलं असतं तर बरं झालं असतं; पण ती नुकती गाडीतून उतरून आली होती, कोट अंगावरच होता, आणि रात्रीची भाजी चिरायची बाकी होती.

पुढच्या बुधवारी आम्ही चित्रण केलं. फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवला, खुर्ची खिडकीपाशी. मुलीची वाक्यं मला वाचायची होती, ती मी तिच्याकडून ऐकून देवनागरीत लिहून घेतली होती. मुलगी विचारते, आई, खूप वेळ झाला का थांबून? आणि सकाळपासून उभी असलेली म्हातारी सांगते, छे, आत्ताच तर आले, मग घरची, कोंबड्यांची, पावसाची चार वाक्यं बोलते. पहिल्या टेकला बाहेरून कचऱ्याची गाडी गेली. दुसरा असा झाला की भाषा कळत नसूनही मी खिडकीबाहेर बस येतेय का ते बघितलं. तिता स्वतःच म्हणाली, "हाच." पण त्यांच्या धंद्यात चांगला टेक मिळाला तरी जपून ठेवायला आणखी एक घ्यायची सवय. म्हणून तिसरा. त्यात मी माझं वाक्य म्हटलं आणि ती विसरली. नुसती माझ्याकडे बघत राहिली. तोंड किंचित उघडं, हात मांडीवरच्या पर्सचा बंद चाचपतोय. बऱ्याच वेळाने ती हसली, "सॉरी" म्हणाली, आणि मला म्हणाली तो पुसून टाक.

मी तो पुसला नाही. ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा मी सोफ्यावर बसून तिसऱ्या टेकच्या शेवटचं हसू आणि "सॉरी" कापून टाकलं. ते राहिलं असतं तर त्या लोकांना चूक झाल्याचं कळलं असतं आणि त्यांनी दुसरा मागवला असता, एवढा विचार मी केला. ते नसल्यावर उरत होती ती एक म्हातारी, जिला आता वाक्यं लक्षात राहत नाहीत. तो मी पाठवला. आतून तिने विचारलं, "गेला?" मी म्हटलं, गेला. मी पुढच्या बुधवारचा विचार करत होते आणि मला हलकं वाटत होतं.

दोन बुधवारांनी उत्तर आलं. आदरपूर्वक, लांब, आणि मधे एका वाक्यात नकार. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. ती म्हणाली, "बरं. भात लावते." मला वाटलं, संपलं. नकार तिच्यासारखीला नवा नसणार.

पण ती गायची थांबली. चर्चला जाईना, गुडघे दुखतात म्हणाली. आणि दर बुधवारी, जेवता जेवता चमचा खाली ठेवून, ती दुसरा टेक पुन्हा करून दाखवायला लागली. "इथे मी जरा जास्त केलं का, अनाक? कोंबड्यांच्या वाक्याला आवाज उतरवायला हवा होता का?" ती तो प्रसंग हळू करून बघायची, भरभर करून बघायची, खुर्ची फिरवून बघायची. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं असं तिला वाटलं होतं आणि ते कमी पडलं होतं, एवढंच तिला ठाऊक होतं. मी तिला माझ्याजवळ ठेवून घ्यायला गेले होते. तिचं तिच्या कामाबद्दलचं मत मी काढून घेतलंय, हे मला त्या जेवणांमध्ये कळत गेलं. घास उतरेना. एका मंगळवारी मी आईला म्हटलं, उद्या मला खाली जायचं नाही.

आई रॅकवरचे वाळलेले कपडे घड्या करत होती. "का? काही बोलल्या का त्या?" मी नाही म्हटलं, आणि मग सगळं बोलून गेले, कापलेल्या "सॉरी"सकट. आईच्या हातात बाबांचा शर्ट होता. त्याची घडी तिने केली, मोडली, परत केली.

"उद्या जायचं आणि सांगायचं," ती म्हणाली.

"तू चल ना बरोबर."

"मी येणार नाही. मी आले तर त्या माझ्यासमोर तुला काही बोलणार नाहीत. त्यांना बोलता आलं पाहिजे." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तू बुधवारी एकटी असतेस, ते माझं आहे. त्याचं मी बघीन. पण हे तुझं आहे, मुक्ता."

दुसऱ्या दिवशी मी दारातच, बूटही न काढता सांगितलं. घरून तालीम करून गेले होते, त्यातलं काहीच बोलले नाही. तुम्ही गेला असता, म्हणून पाठवला, एवढंच पुन्हा पुन्हा. तिता ऐकत उभी होती. मग विचारलं, "आहे अजून तो?" मी काढून दिला. तिने चष्मा लावला, फोन नाकाजवळ धरला आणि पाहिला. परत पाहिला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तिथे मला काही सापडत नव्हतं.

"हा चांगला आहे," ती म्हणाली. "दुसऱ्याहून चांगला. दुसऱ्यात मी काय करतेय ते सगळं दिसतं. ह्यात काही केलेलंच नाही. असं मला तीस वर्षांत कुणी करू दिलं नाही." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "त्यांना ती दुसरी बाई हवी होती, अनाक. तुझ्यामुळे गेलं नाही." मी म्हटलं, आपण आत्ता दुसरा पाठवू, सगळं लिहून कळवू. तिने नाही म्हणून मान हलवली. त्या दुसरीला शब्द दिलेला असणार, तिने घरी सांगितलं असणार. ती दुसरी मीही कैकदा होते, म्हणाली. मग मला बूट काढायला लावले आणि पान वाढलं. मी मोकळी होऊन रडले आणि दोन वाट्या भात खाल्ला.

आज त्याला बरीच वर्षं झाली, आणि ती जे बोलली ते खरं होतं की नाही हे मला माहीत नाही. तो टेक मी पाठवला त्याच दिवशी स्वतःच्या मेलवरही पाठवून ठेवला होता, आणि पुढे कितीतरी वेळा पाहिला. कधी तो मला थोर वाटतो, कधी नुसती गोंधळलेली म्हातारी दिसते. एवढंच ठाऊक आहे की समोर एक बारा वर्षांची मुलगी उभी होती, तिला त्या घटकेला काय ऐकायची गरज आहे हे त्या बाईला दिसत होतं, आणि हवा तो भाव हव्या त्या क्षणी चेहऱ्यावर आणणं हा तिचा जन्माचा धंदा होता. तिने मला रागावायला हवं होतं, असं मला फार वाटतं. रागावली असती तर मी तिच्यावर विश्वास ठेवला असता.

त्याच दुपारी, मी जेवत असताना, तिचा फोन वाजला. मी सवयीने हात पुढे केला. तिने फोन उचलला, चष्मा पुसला, आणि खिडकीपाशी उजेडात जाऊन एकेक अक्षर लावत स्वतः वाचायला लागली. तिला खूप वेळ लागला. मग म्हणाली, काही नाही, भाची विचारतेय जेवलीस का, आणि माझ्या वाटीत आणखी कालवण घातलं. मी पुढे सहा वर्षं दर बुधवारी तिच्याकडे जात राहिले. तिचं प्रेम रतीभर कमी झालं नाही. फोन मात्र तिने पुन्हा कधी माझ्या हातात दिला नाही.